साउंड

लर्विकच्या दवाखान्यात काचेची एक खोली आहे,
फडताळाहून जरा मोठी.
आत एर्टी मॅन्सन, वय एकोणऐंशी,
कानांवर काळे डबे, हातात बटण.
बाहेरून पोरगी सांगते, एकेक शब्द सुटा करून :
साउंड आला की दाबा.

एर्टी खिडकी शोधतो.
एकतीस वर्षं ज्या साउंडवर त्याने फेरी हाकली,
टॉफ्टहून उल्स्टा, उल्स्टाहून टॉफ्ट,
तो इथून कुठला दिसायला.
आणि साउंड येतो होय कधी?
त्याच्यावर आपण जायचं असतं.
तेवढ्यात तीन टिंबं कोरी गेली कागदावर.

येल साउंड. मी नकाशात पाहिला,
दोन बेटांमधली निळी चिंचोळी पट्टी.
आमच्या भूगोलाच्या पुस्तकात हिला सामुद्रधुनी म्हणत,
आणि बाईंनी कधी सांगितलं नाही
की धुनी म्हणजे गर्जणारी.
आवाज त्याही शब्दात होता.
आम्ही पाठ करत होतो.

एर्टीचे वडील गिबी
दोरीला शिशाचा गोळा बांधून साउंड करायचे.
गोळ्याच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी.
वर ओढला की बोटाने चाचपायचं काय चिकटलंय :
वाळू, शिंपल्यांचा चुरा,
काहीच नसलं तर खडक.
थांग लागला की नुसती मान हलवत.
हाही साउंडच, आणि यात आवाज औषधालासुद्धा नाही.

मे संपताना बोट पालथी घालून
एर्टी फळीन् फळी हातोडीने ठोकतो.
धड फळी ठण्ण वाजते,
कुजकी भिजल्या पावासारखी गप्प.
साउंड, म्हणतो, साउंड, साउंड, हं, ही नाही.
पंडित सांगतात, ही दोन वेगळी घराणी,
एक आवाजाचं, एक निरोगीपणाचं,
आडनाव तेवढं योगायोगाने एक.
असेल बुवा.
पण कुणाला ठणठणीत म्हणताना आपण तरी काय करतो,
मडक्यासारखं वाजवूनच बघतो ना माणसाला.

यंदा सगळ्याच फळ्या गप्प निघाल्या.
गेली बोट, म्हणाला, आणि कुऱ्हाड आणायला वळला.
ऑस्ला आत पीठ मळत होती.
तिला चुलीपर्यंत ऐकू येत होतं, ठण्ण, ठण्ण,
एक फळी चुकली नव्हती.
ती तशीच बाहेर आली
आणि कुऱ्हाडीच्या दांड्यावर पिठाचा हात ठेवून उभी राहिली.
सोमवारची वेळ तिनेच घेतली दवाखान्याची.

मुलगा लिव्हरपूलला, नळांची कामं करतो.
कसा आहेस? साउंड.
काम आहे ना हाताला? साउंड.
आणि ब्रेंडा? साउंड, आई, साउंड.
हा शेवटचा जरा वरच तरंगतो.
मग ऑस्ला वाऱ्याचं, मेंढ्यांचं, शेजारच्या लग्नाचं
काहीबाही बोलत हळूहळू दोरी सोडते.

जूनमध्ये तिथे रात्र काळी होत नाही,
धुतलेल्या काचेसारखी नुसती उभी असते.
कानातली नवी यंत्रं बशीत काढून ठेवलेली.
एर्टी गाढ झोपलाय. त्यालाही तिथे साउंडच म्हणतात.
ऑस्ला छताकडे बघत म्हणते,
हळू नाही, नेहमीच्या आवाजात :
उल्स्टाच्या धक्क्यावर, त्या नाचाच्या रात्री,
मी तुझ्यासाठी थांबले नव्हते.
लॉरी येणार होता.
तू आधी आलास.

दोरी सुटत राहते.
चोपन्न वर्षं, पंचावन्नावं.

गोधडीवर एर्टीचा अंगठा
हलकेच खाली दाबला जातो,
एकदा.